चिरंजीवांची पहिली बंदूक

अभ्यंगस्नान उरकले, की चिरंजीव टिकल्यांचे पिस्तूल घेऊन अंगणात उतरतात आणि पहिला नेम धरतात तो धाकट्या बहिणीवर. आपण चकलीचा तुकडा मोडत कौतुकाने हसतो. नेमबाजीचा पहिला धडा द्यायचा तो खरे म्हणजे याच वेळी. नळी माणसाकडे वळवायची नाही, खेळण्यातलीसुद्धा नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या घरांतून एकच विचारणा होते: मुलाला कोणती बंदूक घ्यावी? माझे उत्तर ऐकून पालक हिरमुसतात. तूर्त कोणतीच घेऊ नये!

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. भाचा दहा वर्षांचा असताना मी हौसेने त्याला छऱ्यांची बंदूक आणली. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो ना, त्याच हिशेबाने मोठ्या माणसाच्या मापाची घेतली. पोराला ती पेलेना. दस्ता खांद्याला टेकायचा सोडून काखेत जाई. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, तर दोन्ही हात लावून घामाघूम. "मामा, मला नाही जमत," असे तो दुसऱ्याच दिवशी म्हणाला. मी ऐकले नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीशी ठेवलेल्या डब्यावर त्याने नेम धरला. छर्रा भिंतीवर आपटून उलटा आला आणि माझ्या चष्म्याची काच तडकली. चष्मा नसता तर? ताईने बंदूक माळ्यावर टाकली. भाच्याने पुन्हा नेमबाजीचे नाव काढले नाही, आणि त्याची रुखरुख मला काचेपेक्षा अधिक आहे.

तेव्हा आधी जवळची रेंज शोधावी. तिथे प्रशिक्षक असतो, छरे अडवण्याची नीट सोय असते आणि शिकाऊ मुलांसाठी क्लबची बंदूकही बहुधा मिळते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, तर छर्रा साडेचार मिलिमीटरचा! तो ठिपका पुन्हा पुन्हा हुकूनही जे मूल पुढच्या रविवारी आपणहून तयार होते, त्याच्यासाठीच दुकानाची पायरी चढावी.

दुकानात मूल बरोबर हवेच. दस्ता खांद्याच्या खोबणीत बसवून पाहावा. मान न ताणता डोळा नेमाच्या छिद्रापाशी आला पाहिजे आणि पाठ धनुष्यासारखी मागे वाकता कामा नये. दस्त्याची लांबी कमीजास्त करता येत असेल तर उत्तम. मुले काय, वर्षात वीतभर वाढतात. स्पर्धेच्या रायफलला साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे, पण ती कमाल मर्यादा. मुलाला हलकीच द्यावी. स्प्रिंगची बंदूक स्वस्त, पण दर वेळी ताणावी लागते आणि हिसकाही देते. दाबलेल्या हवेवर चालणारी शांत असते, मात्र महाग. जुनी घेत असाल तर तिच्या हवेच्या नळकांड्यावरची तारीख आधी वाचा. त्याचे आयुष्य ठरलेले असते.

काडतुसाच्या बंदुकीचा विचारच नको; तिला परवाना लागतो आणि तो वयाची २१ वर्षे पुरी झाल्याशिवाय मिळत नाही. घरी आणलेली छऱ्यांची बंदूकही कुलपात ठेवावी, किल्ली आपल्या कमरेला. छरे शिशाचे असतात. हात साबणाने धुतल्याखेरीज फराळाच्या डब्याला हात लावू देऊ नये.

आणि हे सारे मुलींनाही लागू बरे! कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेत्या झाल्या होत्या.

आता भाच्याची धाकटी बहीण रेंजवर जाऊ लागली आहे. पहिल्या रविवारी प्रशिक्षकांनी तिला एकही छर्रा दिला नाही. कोऱ्या कागदावर नुसता नेम धरायला लावला. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या रविवारी मी दाढी करत होतो, तेव्हा बाईसाहेब चपला घालून दारात उभ्या होत्या.