दुसऱ्या बाळंतपणाची भीती ऐकून घ्या



जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त (10 ऑक्टोबर) आपल्या पुरवणीत बाळंतिणींच्या मानसिक आजारांवर लेख आला, हे चांगले झाले. 'लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जा' हा त्यातला सल्ला पहिलटकरणीसाठी योग्यच आहे. पण जी बाई या आजारातून एकदा गेली आहे आणि जिला पुन्हा दिवस गेले आहेत, तिच्यासाठी हा सल्ला फार उशिराचा आहे. आजार उलटेल अशी भीती वाटते, एवढे कारण तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला पुरेसे आहे. घरच्यांनी आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनीही ते पुरेसे मानावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

ही भीती पोकळ नसते. बाळंतपणानंतर होणारा तीव्र मनोविकार हजारात एक-दोघींनाच होतो. त्यात बाईची झोप उडते, बोलणे असंबद्ध होते, भास होतात, कधी बाळाविषयीच भलत्या शंका येतात. मात्र ज्यांना तो एकदा झाला, त्यांच्यापैकी साधारण तिघींत एकीला पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा गाठतो. तोही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि बघता बघता वाढतो. 'दमली असेल' की 'बाहेरचे काही लागले' यावर घरात खल होईपर्यंत प्रकरण हाताबाहेर जाते. त्याच हिशेबाने तिघींतल्या दोघींना काही होत नाही, हेही लक्षात ठेवावे. आपण कोणत्या बाजूला असू, हे त्या बाईने एकटीने रात्र रात्र जागून ठरवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे या दुखण्याला आणखी एक पदर आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. आजारपणही तिथेच निघते आणि तिथेच झाकले जाते. मुलगी बरी होऊन सासरी जाते तेव्हा 'अशक्तपणा होता' एवढेच सांगितले जाते. दुसरे बाळंतपण सासरी. तिथे जिला सगळे ठाऊक आहे अशी ती एकटीच असते, आणि तिचे तोंड बांधलेले असते.

मी याच वाटेने गेले आहे. दुसऱ्या वेळी प्रसूतीच्या डॉक्टरांना मागचे सांगितले, तेव्हा 'असले विचार मनात आणू नका' असे उत्तर मिळाले. मागच्या खेपेचे सिझेरियन किंवा वाढलेला रक्तदाब सांगितला असता, तर असे उत्तर कोणी दिले नसते. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी नीट ऐकून घेतले आणि नवऱ्याला समोर बसवून सगळे कागदावर उतरवले: रात्री सलग झोप मिळावी म्हणून बाळाकडे कोण बघणार, कोणते औषध केव्हा सुरू करायचे, कोणती खूण दिसली की कोणाला फोन करायचा. दुसऱ्या आठवड्यात माझी झोप उडालीच. पण काय करायचे हे आधीच ठरलेले होते. औषध वाढवले आणि घरातच निभावले.

गरोदर बाईसमोर असले विषय काढू नयेत, तिला आनंदात ठेवावे, असे वडीलधारी म्हणतात. त्यात माया असते. पण भीती आधीच तिच्या मनात आहे; विषय टाळल्याने ती जात नाही. औषधांनी बाळाला अपाय होईल ही शंका मात्र रास्त आहे. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला खरोखर घातक ठरू शकते. म्हणूनच शक्यतो दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवे. परस्पर सगळ्या गोळ्या बंद करणे हा उपाय नव्हे. त्यानेही आजार उलटतो.

तिसरी धास्ती कोणी बोलून दाखवत नाही: कागदावर नोंद झाली तर उद्या तीच घटस्फोटासाठी वापरतील, मूल काढून घेतील. अशा बायकांना मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 कोणीतरी समजावून सांगायला हवा. केवळ मानसिक आजार आहे म्हणून माणूस 'अस्थिर मनाचा' ठरत नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे. आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधीही आधी नेमता येतो. तो नवराच असला पाहिजे असे नाही; बहीण चालते, मैत्रीण चालते. आईला दाखल करावे लागले तरी तीन वर्षांखालील मूल तिच्यापासून सहसा वेगळे करू नये, असेही कायदा सांगतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग 2009 पासून आहे.

अशा बायकांची भीती वेळीच ऐकून घ्यायला नवी योजना लागत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीतच मागच्या मानसिक आजाराविषयी विचारावे, आणि तेही सासूबाईंना बाहेर बसवून. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला जोखमीच्या गरोदर स्त्रिया शोधल्या जातात. त्या यादीत हीही जोखीम धरावी. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात. यातल्या पहिल्या तीन भेटी नेमक्या धोक्याच्या दिवसांत येतात. बाळाचे वजन घेताना 'बाळ झोपले असताना तुला झोप लागते का?' एवढे विचारून पुढे कळवले, तर कितीतरी घरे वाचतील. आई-बाळाला एकत्र दाखल करता येईल अशा खाटा मात्र शासनालाच द्याव्या लागतील, राज्याच्या प्रत्येक विभागात निदान एका सरकारी रुग्णालयात तरी.

ज्यांना आज ही भीती वाटते आहे, त्यांनी शासनाची वाट पाहू नये. डोहाळजेवणाची तारीख ठरण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. घरात बोलता येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य, रात्रीबेरात्रीही बोलता येते. आणि बाळंत झाल्यावर झोप उडाली, भास होऊ लागले, तर फोनवर न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

– एक वाचक, सातारा