कॅमेरा मागावर हवा, पेढीवर नव्हे

ठाणे-कल्याणच्या मध्ये भिवंडीत मजुरीवर कापड विणणाऱ्याला खरी धास्ती विणण्याची नसते. ताका व्यापाऱ्याच्या तपासणीच्या टेबलावर उलगडतो तेव्हाची असते. उभा धागा तुटून पडलेली रेघ, तेलाचा डाग, भोक. दोष दिसला की मजुरीतून पैसे कापले जातात. कधी ते रास्त असते, कधी नसते. तपासणाऱ्याची नजर संध्याकाळी सकाळसारखी राहत नाही, हे दोन्ही पक्ष जाणतात.

हे काम यंत्राच्या डोळ्याने करण्याचा अभ्यास विद्यापीठांत जुना आहे. २००२ साली हाँगकाँगमधील अजय कुमार व ग्रँथम पँग यांनी त्यासाठी एक गणिती चाळणी मांडली. वीण ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येते; चाळणी तिच्याशी जुळवली की जिथे वीण मोडते ती जागा चित्रात उठून दिसते. अलीकडे ढीगभर छायाचित्रे दाखवून यंत्रालाच शिकवतात.

मेख इथेच आहे. यंत्र जे कापड पाहते तेच ओळखते. संशोधक ज्यांवर आपल्या पद्धती पारखतात, त्यांतला एक छायाचित्रसंग्रह स्पेनमधील अल्कॉय येथील वस्त्रसंशोधन संस्थेचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात २४५ छायाचित्रे, कापडाचे ७ प्रकार, दोषांचे १२. आमच्या शेडमधला उडणारा कापूस, थरथरणारा माग व मंद दिवा त्यात कुठून येणार? असे यंत्र उद्या पेढीवर बसले तर सुताच्या साध्या गाठीलाही दोष म्हणेल, आणि ‘कॉम्प्युटरने सांगितले’ म्हटल्यावर विणकराने भांडायचे कोणाशी?

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. आमचे म्हणणे त्याच्या जागेबद्दल आहे. पेढीवरचा कॅमेरा पैसे किती कापायचे एवढेच सांगेल. मागावर असला तर धागा तुटल्यापासून वीतभर कापडातच माग थांबवता येईल. (नव्या मागांवर धागा तुटताच थांबण्याची सोय असते, आमच्या साध्या मागांवर बहुधा नसते.) यात व्यापाऱ्याचेही हित आहे. दोषी ताका डोंबिवलीला रंगवायला गेला की रंगाचा खर्चही त्याच्याच अंगावर येतो.

पवईची आय.आय.टी. १९५८ पासून आपल्या शेजारी आहे. तिच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमाने इंजिनिअरिंग कॉलेजांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभारायला हातभार लावला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कॉलेजांतील शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प करावाच लागतो, आणि रेघेवरून चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या पुष्कळ झाल्या. आपल्या संघटनांनी या मुलांना दोषी कापडाचे तुकडे द्यावेत. प्रत्येक तुकड्यावर दोषाचे नाव जुन्या विणकराने सांगून लिहिलेले असावे. नाहीतरी तो माल चिंधीच्या भावानेच जातो. मागाजवळ कॅमेरा लावू द्यावा. व्यापाराचे गुपित फुटेल ही भीती आम्हांला फारशी पटत नाही. साध्या ग्रे कापडात गुपित ते काय? मात्र जमलेली छायाचित्रे कोणाच्या ताब्यात राहतील आणि त्यांवर शिकलेले यंत्र विणकराला कोणत्या दराने मिळेल, हे पहिला तुकडा देण्याआधी कागदावर लिहून घ्यावे.