अंगावर काढणे आणि काढून टाकणे

दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथील उसाच्या फडांत उतरतात. पुढील चार-पाच महिने त्यांचा संसार कोपीत चालतो. पती आणि पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल या कोयत्याने फेडायची असते आणि एक दिवस कामावर न जाणे म्हणजे ‘खाडा’, म्हणजेच पदरचे पैसे भरणे. या हिशेबात आजारपणाला जागा नाही; स्त्रीच्या मासिक पाळीला तर मुळीच नाही.

या हिशेबाचा परिणाम काय होतो, हे महाराष्ट्राला २०१९ साली कळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या वार्ता आल्यानंतर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते.

या आकड्यांचा दोष मुकादमाच्या आणि काही धनलोभी डॉक्टरांच्या माथी मारून मोकळे होता येईल, आणि तो दोष खोटाही नाही. पण त्यापलीकडचे एक सत्य त्यामुळे झाकले जाते. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या मूळ तक्रारी काय होत्या? पाळी वेळेवर न येणे, अंगावरून जास्त जाणे, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे. या तक्रारी घराघरांत आहेत. त्या आधी वर्षानुवर्षे अंगावर काढल्या गेल्या आणि मग एके दिवशी अवयवच काढून टाकला गेला. या दोन टोकांच्या मध्ये जी एक गोष्ट असायला हवी होती ती म्हणजे निदान. ते उसाच्या फडात झाले नाही, याचे नवल नाही. राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या सुशिक्षित घरांतही ते पुष्कळदा होत नाही, याचे नवल वाटायला हवे.

नियमित म्हणजे काय?

पाळी अठ्ठावीस दिवसांनीच यायला हवी, ही समजूत सार्वत्रिक आणि चुकीची आहे. पाळीचे अंतर मोजायचे ते रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या स्रावाच्या पहिल्या दिवसापर्यंत. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ साली जी मर्यादा सांगितली, तीनुसार प्रौढ स्त्रीत २४ ते ३८ दिवसांचे अंतर आणि आठ दिवसांपर्यंतचा स्राव सामान्य होय. एकीला सव्वीस दिवसांनी आणि दुसरीला पस्तीस दिवसांनी पाळी येत असेल, तर दोघीही निरोगी असू शकतात. पाहायचे ते एवढेच, की स्वतःच्या सवयीत ठळक बदल झाला आहे का.

आयुष्याच्या दोन टप्प्यांवर अनियमितता स्वाभाविक असते. पाळी सुरू झाल्यापासून पहिली दोन-तीन वर्षे शरीराची घडी बसत असते. त्या काळात २१ ते ४५ दिवसांपर्यंतचे अंतर दिसते. पाळी कायमची थांबण्यापूर्वीची, म्हणजे साधारणतः चाळिशीनंतरची काही वर्षेही तशीच असतात. आठवी-नववीतल्या मुलीची पाळी दहा दिवस लांबली म्हणून घर डोक्यावर घेण्याचे कारण नाही. मात्र ‘या वयात असे चालायचेच’ हे वाक्य सर्व वयांच्या सर्व तक्रारींवर फिरवता येत नाही.

हे सारे ठरवण्यासाठी तारीख माहीत असावी लागते. मराठी घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दूधवाल्याचे खाडे बिनचूक टिपले जातात. पाळीची तारीख मात्र टिपली जात नाही. डॉक्टरांनी ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ हा पहिला प्रश्न विचारला, की उत्तर ‘संक्रांतीच्या आगेमागे’ असे मिळते.

साखळी कोठे तुटते?

पाळी हे एकट्या गर्भाशयाचे काम नव्हे. मेंदूतील ग्रंथी संप्रेरकांच्या रूपाने बीजकोशांना आज्ञा देतात. बीजकोशात बीज पक्व होते. तेथील संप्रेरकांमुळे गर्भाशयाचे अस्तर वाढते. गर्भ राहिला नाही तर ते अस्तर स्रावरूपाने गळून जाते. या साखळीचा कोणताही दुवा निखळला तरी बाहेर दिसणारे लक्षण एकच असते : पाळी बिघडली.

पाळी चुकण्याचे पहिले आणि सर्वांत साधे कारण गर्भधारणा हे आहे. विवाहित असो वा नसो, शंका असेल तेथे लाज बाजूला ठेवून तिची चाचणी प्रथम झाली पाहिजे. बाळ अंगावर पीत असतानाही पाळी लांबते. मेंदूच्या पातळीवर तीव्र मानसिक ताण, अपुरे अन्न, झपाट्याने घटलेले वजन आणि शक्तीबाहेरचे श्रम यांमुळे आज्ञा थंडावतात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत जेवणाची वेळ विसरलेली वसतिगृहातील विद्यार्थिनी, तालमीत वजन घटवणारी कुस्तीगीर मुलगी आणि अपुऱ्या अन्नावर पहाटेपासून मोळ्या वाहणारी ऊसतोड स्त्री यांच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी शरीराचा नियम तिघींना एकच लागू होतो.

गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉईड, मंदावली किंवा अतिक्रियाशील झाली तरी पाळी बिघडते. बीजकोशांच्या पातळीवर आज वारंवार आढळणारे कारण म्हणजे ‘पीसीओएस’. यात बीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, वजन वाढते, चेहऱ्यावर लव किंवा मुरमे दिसू लागतात. हा विकार केवळ पाळीचा नाही. पुढे मधुमेह जडण्याचा धोका त्यात वाढतो. म्हणूनच ‘लग्न झाले की सारे सुरळीत होईल’ हा घरगुती सल्ला येथे नुसता निरुपयोगी नव्हे, तर घातक ठरतो. खुद्द गर्भाशयातील कारणे निराळी : फायब्रॉईडच्या गाठी, अस्तरावरचे मोड, जंतुसंसर्ग आणि क्वचित कर्करोग. काही मुलींना रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतील जन्मजात दोषामुळे पहिल्या पाळीपासूनच अतोनात स्राव होतो. तांबी बसवल्यानंतर स्राव वाढू शकतो आणि काही औषधांनीही पाळीचे चक्र बदलते.

यात एका कारणाचा उल्लेख कोल्हापुरात तरी टाळता येणार नाही. नवरात्र, अंबाबाईचे दर्शन, घरची पूजा किंवा लग्नकार्य आले, की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. या गोळ्या संप्रेरकांच्या असतात. ज्या स्त्रीला पूर्वी शिरांत रक्ताची गुठळी झाली आहे, यकृताचा विकार आहे किंवा गर्भ राहिल्याची शंका आहे, तिने त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेणे धोक्याचे आहे. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. औषधाचा प्रश्न शेजारणीने सोडवू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढील गोष्टी अंगावर काढण्याच्या नाहीत. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू न होणे. गर्भ नसताना तीन महिने पाळी न येणे. पाळी वारंवार २४ दिवसांच्या आत किंवा ३८ दिवसांच्या पलीकडे येणे. स्राव आठ दिवसांहून अधिक टिकणे, तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे किंवा मोठ्या गाठी पडणे. दोन पाळ्यांच्या मध्ये अथवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणे. ते थेंबभर असले तरी तपासणी अटळ समजावी, कारण कर्करोगाची शक्यता आधी दूर करावी लागते.

याखेरीज दोन प्रसंगी दिवस उजाडण्याचीही वाट पाहू नये. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात तीव्र कळ येऊन घेरी आली, तर गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत वाढत असण्याची भीती असते. तसेच दर तासाला पॅड भिजून छातीत धडधड किंवा चक्कर सुरू झाली, तर तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. त्याचे मुख्य कारण आहारातील उणीव असले, तरी दर महिन्याच्या अतिस्रावाची त्यात मोठी भर पडते. जिना चढताना लागणारी धाप हा बाईमाणसाचा स्वभावधर्म नव्हे. तो आजार आहे आणि तो बरा होतो.

काढून टाकण्यापूर्वी

तपासणीची भीतीही अनेकींना मागे खेचते. वास्तविक बहुतेकींच्या बाबतीत गर्भाची चाचणी, रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉईडचे प्रमाण आणि सोनोग्राफी एवढ्यावर पुष्कळ उलगडा होतो. पंचेचाळिशीपुढील स्त्रीला अनियमित रक्तस्राव असेल, तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. उपचारही पायरीपायरीने होतात : लोह, स्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरके, संप्रेरक सोडणारे गर्भाशयात बसवायचे साधन आणि गाठ असल्यास तेवढी गाठ काढणे.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेलाही वैद्यकशास्त्रात तिचे स्थान आहे. कर्करोगात, मोठ्या गाठींत किंवा इतर उपाय थकल्यावर ती जीवनदायी ठरते. आक्षेप आहे तो ती पहिली पायरी करण्याला. बोलीभाषेत गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात, आणि मुले झाली की रिकामी पिशवी ठेवून काय करायची, असा सोपा युक्तिवाद त्या शब्दातच दडलेला आहे. त्यात ‘कॅन्सर होईल’ हे भय घातले, की कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर तिशी-पस्तिशीतल्या स्त्रीला एका दिवसात म्हातारपणाच्या तक्रारी लागतात. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पाळीचे चार दिवस वाचवण्यासाठी पुढची तीस वर्षे गहाण पडतात.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या स्त्रीने, किंवा तिच्या वतीने घरातील शिकलेल्या माणसाने, चार प्रश्न विचारले पाहिजेत. आजाराचे नाव काय? औषधोपचार कोणते आणि किती काळ झाले? बीजकोश ठेवणार की काढणार? न काढल्यास काय होईल? उत्तरे पटली नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

बीडच्या प्रकरणानंतर तेथे अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले. हे योग्यच झाले. परंतु कायदा शस्त्रक्रियागृहाच्या दारावर पहारा देतो. त्या दारापर्यंत स्त्री येते ती कित्येक वर्षांच्या मौनातून, आणि त्या मौनावर कायद्याचा इलाज चालत नाही.

कोल्हापूरचे कर्तव्य

या मौनावर उपाय शोधण्याची कोल्हापूरची परंपरा जुनी आहे. पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रिया दुखणे सांगत नाहीत, हे ओळखून कोल्हापूर संस्थानाने १८८६ साली आनंदीबाई जोशी यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर नेमणूक केली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा अकाली अंत झाल्याने त्या रुजू होऊ शकल्या नाहीत; पण पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी त्याच रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. आज जिल्ह्यात स्त्री डॉक्टरांची वाण नाही, सोनोग्राफीची यंत्रे तालुक्याच्या गावीही आहेत. जी अडचण आनंदीबाईंच्या नेमणुकीने दूर व्हायची होती ती दूर झाली, तरी तक्रार ओठांवर येत नाही.

येथे शिक्षकाचे काम सुरू होते. विज्ञानाच्या पुस्तकातील प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देणे थांबले आणि तो मुलगे-मुली दोघांनाही शिकवला गेला, तर पुढच्या पिढीतील पती आणि बापही शहाणे होतील. कार्यालयांत पाळीच्या त्रासासाठी घेतलेल्या अर्ध्या दिवसाच्या रजेवर कुजबुज होऊ नये, एवढे पथ्य सहकाऱ्यांना पाळता येईल. महाविद्यालयांत वर्षातून एकदा मुलींचे हिमोग्लोबिन तपासून त्यांना ते समजावून सांगणे खर्चाचे नाही.

साखर कारखान्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. टोळ्यांच्या मुक्कामी पाणी आणि आडोशाचे शौचालय, आठवड्याला एकदा फिरणारी स्त्री डॉक्टर आणि खाड्याचा दंड न लावता आजारपणाची सुटी, या गोष्टी उपकार म्हणून नव्हेत तर मजुरीचा भाग म्हणून मिळाल्या पाहिजेत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. त्याच्या कामाचे मोजमाप अशाच गोष्टींनी झाले पाहिजे. ज्या गोडीवर या जिल्ह्याची समृद्धी उभी आहे, त्या उसाची मोळी वाहणाऱ्या स्त्रीला वेळेवर तपासणी आणि एक दिवसाची विश्रांती मिळू नये, हे कोल्हापूरला शोभणारे नाही. येत्या हंगामाचे करार होतील तेव्हा टनामागच्या दराबरोबर या मागण्याही कागदावर आल्या पाहिजेत, आणि त्या आणण्याचा आग्रह शिकलेल्या कोल्हापूरकराने धरला पाहिजे.