रेघेची साक्ष

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके तेच असतात. आकृती ठरते ती रेघ कुठून कुठे न्यायची यावर. निवडणुकीचेही तसेच आहे. मतदार तेच, त्यांची मते तीच, तरी मतदारसंघाची हद्द फिरवली की सत्ता फिरू शकते. अमेरिकेत या युक्तीला १८१२ पासून स्वतःचे नाव आहे. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मान्य केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा वळवळलेला दिसला आणि दोन नावांच्या जोडातून ‘गेरीमँडरिंग’ हा शब्द तयार झाला. कृती साधी आहे. विरोधकांचे मतदार मोजक्या मतदारसंघांत कोंबायचे, तिथे त्यांना भरघोस मतांनी जिंकू द्यायचे आणि उरलेले असे विखरून टाकायचे की बाकी कुठेच त्यांची डाळ शिजू नये. ही लबाडी सगळ्यांना दिसते, पण सिद्ध कशी करायची? गेल्या दशकात या प्रश्नाला संगणकाने एक उत्तर दिले. आपल्याकडेही मतदारसंघांच्या मोठ्या पुनर्रचनेची चर्चा सुरू असताना ते समजून घेणे अगत्याचे आहे.

लबाडी ओळखण्याच्या आपल्या दोन्ही सवयी फसव्या आहेत. पहिली सवय आकार पाहण्याची. पण वेडावाकडा मतदारसंघ एखाद्या नदीमुळे किंवा डोंगरामुळेही तसा झालेला असू शकतो, आणि चौकोनी, नीटस मतदारसंघातही पुरेपूर पक्षपात दडवता येतो. दुसरी सवय मतांची टक्केवारी आणि जागांची टक्केवारी शेजारी ठेवून पाहण्याची. तीही पुरत नाही, हे खुद्द गेरींच्या राज्याने दाखवले. मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन पक्षाला साधारण एक तृतीयांश मते मिळत आली आहेत, पण १९९४ नंतर तिथून त्यांचा एकही उमेदवार प्रतिनिधिगृहात निवडून गेलेला नाही. वरकरणी हा उघड अन्याय वाटतो. गणितज्ञ मून डचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा निघाले वेगळेच. तिथले रिपब्लिकन मतदार राज्यभर इतके सारखे पसरलेले आहेत की अनेक निवडणुकांच्या आकड्यांवर त्यांच्या बहुमताचा एकही मतदारसंघ आखणे जवळपास अशक्य ठरते. म्हणजे दोष नकाशाचा नाही, वस्तीच्या पसरणीचा आणि एका जागेला एकच विजेता असलेल्या पद्धतीचा आहे. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा: याच भूगोलात, याच मतदारांवर, कोणाचीही बाजू न घेता नियमानुसार रेघा ओढल्या असत्या तर काय घडले असते?

माणसाला असे दहा नकाशे काढता येतील. संगणकाला हजारो काढता येतात. लोकसंख्या समान हवी, मतदारसंघ सलग हवा, शक्यतो आटोपशीर हवा, जिल्हे विनाकारण फुटू नयेत, असे नियम आधी घालून द्यायचे. मग एका नकाशापासून सुरुवात करून शेजारच्या मतदारसंघांमधली सीमा यदृच्छेने थोडी हलवायची, नियम मोडला नाही ना ते पाहायचे आणि हेच पुन्हापुन्हा करत राहायचे. तयार झालेल्या प्रत्येक नकाशावर मागच्या निवडणुकीतली खरी मते ठेवली की कोणत्या पक्षाला साधारण किती जागा मिळायला हव्यात याचा पल्ला दिसतो. पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला निम्म्याहून किंचित जास्त मते मिळूनही १८ पैकी ५च जागा मिळाल्या होत्या. राजकीय शास्त्रज्ञ जोवी चेन यांनी न्यायालयापुढे ठेवलेल्या संगणकीय नकाशांपैकी एकाही नकाशात रिपब्लिकनांना १३ जागा मिळत नव्हत्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो नकाशा रद्द केला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत निकाल ९–९ असा लागला. वारा त्या वर्षी डेमोक्रॅटांच्या बाजूचा होता, त्यामुळे सगळे श्रेय नव्या नकाशाला देता येणार नाही. पण जुन्या रेघा मतदारांच्या कौलाला बधत नव्हत्या, हे त्याआधीच्या तीन निवडणुकांनी दाखवलेच होते. तिन्ही वेळा निकाल १३–५.

यावर पहिला आक्षेप असा की हेच यंत्र लबाडांच्याही हाती आहे. खरे आहे. मतदारांचा बारीक तपशील आणि नकाशा आखण्याचे सॉफ्टवेअर आल्यापासून पूर्वी अंदाजाने होणारे काम गल्लीगल्लीच्या हिशेबाने होऊ लागले. पण म्हणूनच तपासणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन बसण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: संगणकाचा तटस्थपणा हाच न्याय मानायचा का? अलाबामात कृष्णवर्णीय नागरिक २७ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि राज्याच्या नकाशात ७ पैकी एकाच मतदारसंघात त्यांचे बहुमत होते. वंशाकडे न पाहता काढलेले संगणकीय नकाशेच मोजपट्टी मानावेत, हा राज्याचा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळला. जे पाहू नको म्हणून यंत्राला सांगितले ते यंत्राला दिसत नाही. आणि न पाहणे म्हणजे निःपक्षपाती असणे नव्हे. कोणते नियम घालायचे हा राजकीय आणि नैतिक निर्णय आहे. तो माणसांनी, उघडपणे आणि आधी घ्यायचा असतो. म्हणून संगणकाला नकाशा आखायला बसवू नये, न्यायनिवाडाही त्याच्यावर सोपवू नये. त्याची जागा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे.

पण साक्ष ऐकायला कोणी बसलेले असावे लागते. नॉर्थ कॅरोलायनात १३ पैकी १० जागा आपल्याला मिळाव्यात असा नकाशा हवा, हे सत्ताधाऱ्यांनी उघड सांगितले होते. ड्यूक विद्यापीठाचे गणितज्ञ जोनाथन मॅटिंग्ली यांच्या २४,५१८ नकाशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नकाशांत विरोधकांची निदान एक जागा वाढत होती. तरीही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की पक्षीय गेरीमँडरिंगचा निवाडा करणे केंद्रीय न्यायालयांचे काम नाही. पुरावा खोटा ठरला नाही. दार बंद झाले. पुढे २०२५ मध्ये टेक्ससने दशकाच्या मध्येच नकाशा बदलला आणि कॅलिफोर्नियाने त्याला जशास तसे उत्तर दिले. गणित त्यांना थांबवू शकले नाही. मग त्याचा उपयोग काय? उपयोग असा की आता कोणी योगायोगाची सबब पुढे करू शकत नाही.

आपल्याकडे लोकसभेच्या जागांचे राज्यांमधले वाटप १९७१च्या जनगणनेवर उभे आहे आणि २००१च्या ८४व्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवले. वाद होतो तो मुख्यतः उत्तरेला किती आणि दक्षिणेला किती, यावर. तो करार माणसांनीच करायचा आहे. तिथे संगणकाचे काम नाही. पण राज्याच्या आतली रेघ कुठून जाते याकडे तितके लक्ष जात नाही. मुंबई महापालिकेतल्या जागा एका सरकारने २२७ वरून २३६ केल्या आणि पुढच्या सरकारने पुन्हा २२७ केल्या, एवढे उदाहरण पुरे. पुनर्रचना आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्याची वाट घटनेच्या अनुच्छेद ३२९ने फार अरुंद ठेवली आहे. साहजिकच इथे संगणकाची साक्ष आदेशानंतर नव्हे, आदेशापूर्वी, हरकती आणि सूचनांच्या टप्प्यावर व्हायला हवी. त्यासाठी आयोगाने आपले निकष क्रमवार जाहीर करावेत आणि लोकसंख्येचे आकडे व हद्दींचे नकाशे संगणकाला वाचता येतील अशा रूपात खुले करावेत. मग एखादे महाविद्यालय, एखादे वृत्तपत्र किंवा विरोधी पक्ष हजार पर्यायी नकाशे काढून विचारू शकेल: तुमचाच नकाशा या हजारांहून इतका वेगळा का? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असू शकते. एखादी आदिवासी वस्ती एकत्र ठेवायची होती, हे उत्तर पुरेसे आहे. मात्र ते चारचौघांत द्यावे लागेल.

रांगोळी उंबऱ्याबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी काढतात. मतदारसंघांची रेघही तशीच, उजेडात आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओढली जावी, एवढीच अपेक्षा.