रक्तदाब मोजला, नाडी पाहिली का?

अर्धांगवायूचा झटका आलेल्या साठी-पासष्टीच्या रुग्णाला नातेवाईक रात्री-अपरात्री घेऊन येतात. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे चालू असते आणि महिन्याच्या महिन्याला मशीनवर आकडाही पाहिलेला असतो. ईसीजी काढला की दिसते, हृदयाचे ठोके पार अनियमित आहेत. ते किती दिवसांपासून, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण मनगट धरून नाडी कोणी पाहिलेलीच नसते.

या विकाराचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. तेथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकली की पक्षाघात होतो. अशा रुग्णांत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. काहींना धडधड, धाप, थकवा जाणवतो. अनेकांना काहीच जाणवत नाही.

हा विकार दुर्मिळ नाही. जगभरात त्याचे पाच कोटींहून अधिक रुग्ण आहेत. पन्नाशीच्या आत तो क्वचित आढळतो, पण पाश्चात्त्य देशांतील पाहणीनुसार ऐंशीच्या पुढे दहातील जवळपास एकाला असतो. वाढत्या वयाखालोखाल मोठे कारण उच्च रक्तदाबाचे. मधुमेह, लठ्ठपणा, दारू, धूम्रपान, थायरॉइडचा अतिरेक, हृदयाचे जुने दुखणे आणि झोपेत घोरताना श्वास अडकणे ही इतर कारणे.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. लहानपणी घसा दुखून आलेल्या संधिवाताच्या तापाकडे दुर्लक्ष झाले की हृदयाची झडप अरुंद होते. त्यामुळे हा विकार तिशी-चाळिशीतल्या बायकांतही दिसतो. त्यांचा पक्षाघाताचा धोका इतरांहूनही जास्त असतो.

दिलासा हा, की वेळीच निदान झाले तर यातले बरेच पक्षाघात टळतात. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांनी हा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो. ॲस्पिरिनने ते काम होत नाही. झडप अरुंद असलेल्यांना मात्र जुनी, स्वस्त गोळीच द्यावी लागते आणि तिच्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. माझ्याकडचे कित्येक रुग्ण या एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने जिल्ह्याच्या गावी येतात. दोन-तीन खेपांनंतर येणे थांबते, मग गोळीही सुटते. ही तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात झाली, तर कितीतरी संसार सावरतील.

दुसरी अपेक्षा आम्हा डॉक्टर-परिचारिकांकडून. रक्तदाब तपासायला आलेल्या प्रत्येक प्रौढाची नाडी हातानेही पाहिली पाहिजे.

घरीही हे जमते. पाच मिनिटे शांत बसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर ठोके मोजा. एखादा ठोका चुकला म्हणून घाबरू नका. पण ठोक्यांना काही ताळमेळच नसेल, तर ईसीजी काढून घ्या. निदान तेवढ्यानेच पक्के होते. गोळी मात्र मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही करू नका.

घरात साठीपुढचे कोणी असेल, तर आज त्यांचे मनगट हातात घ्या. एका मिनिटाचेच काम आहे.