सौर दिव्याची बॅटरी लवकर का बसते? कारण पावसाळ्यात दडलंय

लेण्याद्रीचा परिसर, जुन्नर आणि आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर नवा नाही. त्यामुळे शेतातल्या वस्तीवर सौर दिवा किंवा कुंपणाचं झटका मशीन ही चैन नाही, गरज आहे. यातली अनेक उपकरणं लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर चालतात आणि नेमक्या वेळी ती बॅटरीच दगा देते. असं का होतं?

आत काय घडतं?

फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये शोधलेलं तत्त्व आजही तेच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची आणि दोन्ही सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये. वीज देताना शिशाचं ऑक्सिडीकरण होतं आणि दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. चार्जिंग केलं की ते पुन्हा मूळ रूपात येतं.

मग बिघडतं कुठे?

पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ढग असतात. पॅनेल बॅटरी पूर्ण भरू शकत नाही. अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीत सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कडक होतात. यालाच सल्फेशन म्हणतात. नंतर कडक ऊन पडलं तरी गेलेली क्षमता पूर्ण परत येत नाही. पुढे ऊसतोड सुरू होते, फड मोकळे होतात, बिबट्या आसरा शोधत वस्तीजवळ येतो आणि दिवा मध्यरात्रीच मंदावतो.

जास्त चार्जिंगही घातकच. त्यात प्लेटमधली शिशाची जाळी गंजते आणि पाणी उडून जातं. उष्णतेचाही फटका बसतो. तापमान 25 अंशांच्या वर दर 10 अंशांनी वाढलं, की आयुष्य साधारण निम्मं होतं.

काय करता येईल?

- पावसाळ्यात अधूनमधून चार्जरवर बॅटरी पूर्ण भरून घ्या.
- 12 व्होल्टची बॅटरी काही तास न वापरता मोजा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी.
- पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, अ‍ॅसिड नाही.
- पॅनेलवरची धूळ पुसा, सावली पाडणाऱ्या फांद्या छाटा.

बॅटरी बाद झाली तरी ती घरी फोडू नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे परत द्या.