चाल कुणाच्या बापाची?

मागच्या अंकात मी जाता जाता जाझचं नाव घेतलं, तर सोलापुरातून चार पत्रं आली. तीन पत्रांत सरळ शिव्या आहेत. चौथ्यात एक सवाल आहे. लिहिणारा मित्र विचारतो : 'तू गोदीत पाठीवर माल वाहतोस, दहावी शिकलायस, बुधवार पेठेत वाढलायस. मग मोठ्या हॉटेलात घोट घेत साहेबलोक ऐकतात ते संगीत तुला कशाला पायजे? हलगीची लाज वाटाय लागली काय बे?'

सवाल रोखठोक आहे. उत्तरही तसंच घे.

दोस्ता, जाझ साहेबाचं आहे हे तुला कुणी सांगितलं? साहेबानंच सांगितलं असणार. जे जे कष्टकऱ्याच्या घामातून येतं, त्यावर आपला शिक्का मारून तेच परत आपल्याला परकं म्हणून दाखवायचं, हा त्याचा जुनाच धंदा आहे.

न्यू ऑर्लिन्स हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं, मिसिसिपी नदीवरचं बंदर. गुलामांचा मोठा बाजार तिथं भरायचा. त्याच शहरात काँगो स्क्वेअर नावाचं मैदान होतं. रविवारी गुलामांना तिथं जमायला, नाचायला, ढोल बडवायला मोकळीक मिळायची. दक्षिणेत सगळीकडे अशी मोकळीक नव्हती. साऊथ कॅरोलिनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. ते ढोल वाजवत निघाले होते. बंड चिरडलं आणि १७४० च्या कायद्यानं गुलामांच्या हातातले ढोल आणि शिंगं काढून घेतली. ढोल बोलतो, निरोप पोचवतो, माणसं उठवतो, हे मालकाला बरोबर कळलं होतं.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. तिथं ढोल हिसकावला, इथं ढोल गळ्यात बांधला. गावात मेलं कुणी, वाजव. लग्न कुणाचं, वाजव. देवाची पालखी निघाली, पुढं हो आणि वाजव; पण देवळाची पायरी आली की बाजूला हो. चामडं विटाळाचं, वाजवणारा विटाळाचा, फक्त आवाज तेवढा पवित्र! म्हणून बाबासाहेबांनी गावकीची घाण कामं सोडा म्हटलं, तेव्हा आपल्या कितीतरी घरांनी ढोरं ओढणं सोडलं, तसं वाजवणंही सोडलं. ते बरोबरच होतं. ज्या वाद्याला नाही म्हणायची सोय नाही, ते वाद्य नसतं, जोखड असतं.

पण तिथल्या माणसांनी पुढं काय केलं ते बघ. यादवी युद्ध संपलं, १८६५ साली गुलामी कायद्यानं गेली. लष्करी बँडांची जुनी पितळी वाद्यं स्वस्तात हाताला लागली. काल ज्यांना ढोल बंद होता, त्यांनी मालकाच्याच फौजेचं ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट उचललं आणि त्यातून आपला आवाज काढला. मयताच्या मागं बँड जायचा. स्मशानाकडे जाताना संथ, माती देऊन परतताना नाचत. आपल्या मयताला हलगी वाजते ती ज्यानं ऐकलीय, त्याला यातलं वेगळं काही समजावून सांगायची गरज नाही.

ही माणसं कोण होती? लुई आर्मस्ट्राँग, जन्म १९०१, पोरवयात कोळशाच्या गाडीवर राबला. क्लॅरिनेटवाला जॉर्ज लुईस गोदीत हमाली करायचा. १९४४ साली माल अंगावर येऊन त्याची छाती चेंगरली. तो अंथरुणावर पडून होता, तेव्हा त्याचे साथीदार वाद्यं घेऊन घरी आले, एकानं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं, आणि तिथंच 'बर्गंडी स्ट्रीट ब्लूज' झालं. ते मी रात्रपाळी संपल्यावर मोबाईलवर ऐकतो. मला कुणी अर्थ सांगावा लागत नाही. माल अंगावर येतो म्हणजे काय, हे माझ्या बरगड्यांना ठाऊक आहे. तेव्हा साहेबाचं संगीत म्हणू नको. हे आपल्या धंद्यातल्या माणसाचं संगीत आहे.

आता स्टँडर्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण भांडणाची खरी जागा तिथं आहे. स्टँडर्ड म्हणजे सगळ्या वाजवणाऱ्यांना तोंडपाठ असलेली चाल. कधी न भेटलेली चार माणसं रात्री एका ठिकाणी जमली, एकानं नाव घेतलं की चौघांनी वाजवायला सुरुवात करायची. यातल्या पुष्कळ चाली न्यूयॉर्कच्या नाटकांतून आल्या. साचा बहुतेक ठरलेला : बत्तीस बार, आठ-आठचे चार तुकडे. पहिला, दुसरा, चौथा सारखा, तिसरा वेगळा. आपल्या भाषेत, धृपद दोनदा, मधे अंतरा, परत धृपद. लिहिणाऱ्यांत जॉर्ज गर्श्विन, आयर्विंग बर्लिन असे युरोपातनं आलेल्या ज्यू घरांतले लोक होते, आणि फॅट्स वॉलर, ड्यूक एलिंग्टनसारखे काळेही.

पण चाल कागदावर असते तोवर ती नुसतं गाणं असते. ती स्टँडर्ड होते ती दुसऱ्यानं मोडल्यावर. 'बॉडी अँड सोल' १९३० सालचं प्रेमगीत. ऑक्टोबर १९३९ मध्ये कोलमन हॉकिन्स सॅक्सोफोन घेऊन रेकॉर्डिंगला उभा राहिला. सुरुवातीला मूळ चालीला जरासा शिवला आणि मग सुटला, तो परत त्या चालीकडे आलाच नाही. लोकांनी तीच रेकॉर्ड डोक्यावर घेतली. जॉन कोल्ट्रेननं १९६० साली 'माय फेव्हरिट थिंग्ज' घेतलं. ते 'द साऊंड ऑफ म्युझिक' या नाटकातलं सोज्वळ गाणं. त्याचं त्यानं असं काही केलं, की मूळ गाणं त्याच्यापुढं बाळबोध वाटावं.

यात एक कायद्याची गंमत आहे. चालीला मालक असतो. पण चालीच्या खालून सुरांचे जे गठ्ठे एकामागून एक चालतात, ज्यांना कॉर्ड म्हणतात, त्या रांगेला अमेरिकेच्या कायद्यानं मालक दिला नाही. काळ्या वादकांनी ही फट हेरली. गर्श्विनच्या १९३० च्या 'आय गॉट ऱ्हिदम'चा पाया घ्यायचा, वरची चाल टाकून द्यायची आणि स्वतःची नवी घालायची. एलिंग्टनचं १९४० चं 'कॉटन टेल' याच पायावर उभं आहे. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पीचं 'अँथ्रोपॉलॉजी' त्याच पायावर. जमीन सावकाराची, पण झोपडी आपली, आणि सातबाऱ्यात सावकाराला काही करता येत नाही!

आता थांब आणि विचार कर. हे आपण करत नाही? १४ एप्रिलला आपल्या गल्लीत काय वाजतं? शिनेमाची चाल, शब्द भीमाचे. लावणीची चाल, भजनाची चाल, आणि आत बुद्ध, बाबासाहेब, रमाई. आपल्या जलशांनी, कलापथकांनी, गायन पार्ट्यांनी गावोगाव हेच केलं. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला चाल येत होती. त्या चालीच्या पाठीवर बसून विचार त्याच्या घरात गेला. यावर प्रस्थापित समीक्षक नाक मुरडतो : 'चाली उसन्या आहेत, यात स्वतःचं काय?' हाच शहाणा कोल्ट्रेनचं नाव ऐकलं की मान डोलावतो. तिथं तो आविष्कार, इथं ती उसनवारी! चाल एकच, न्याय दोन.

आणि शिनेमाच्या चाली तरी कुणाच्या? १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. वेदरफर्ड पुढं १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं मेला. ऐकायला गोरे अधिकारी, संस्थानिक, पैसेवाले. पण शेजारी बसून शिकत होती गोव्याची पोरं. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून मुंबईत पोट भरायला आलेली. त्यातला एक हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तो सी. रामचंद्रांचा साथीदार झाला. १९५१ च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके'ला जे ब्रास वाजतं, ते त्या मुशीतलं आहे. त्यावर नाचतो कोण? भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा पोरगा. ती चाल, ती पावलं लालबागच्या गणपतीपुढं गेली, तिथनं बँडवाल्यांच्या हाती लागून सोलापूरच्या वरातीत आली. न्यू ऑर्लिन्सच्या गोदीतनं निघालेला माल असा फिरत फिरत आपल्या दारात उतरलेला आहे. तू त्यावर नाचलायस, दोस्ता. फक्त पावती बघितली नाहीस.

पावतीवर नाव कुणाचं, हाच खरा मुद्दा. जाझची पहिली रेकॉर्ड १९१७ साली निघाली ती गोऱ्यांच्या बँडची. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात एलिंग्टन १९२७ पासून वाजवायचा. स्टेजवर सगळे काळे आणि खुर्च्यांवर फक्त गोरे. 'कॅरॅव्हॅन'ची चाल पोर्तो रिकोच्या हुआन तिझोलची, पण धन्यांच्या यादीत आयर्विंग मिल्स या प्रकाशकाचं नाव जोडलेलं. डब्ल्यू. सी. हँडीनं 'मेम्फिस ब्लूज'चे हक्क किरकोळ पैशात विकले, दुसऱ्यांनी त्यावर कमावलं. तो शिकला. १९१४ साली 'सेंट लुई ब्लूज' आलं तेव्हा त्यानं हॅरी पेसबरोबर काढलेल्या स्वतःच्या कंपनीतनं छापलं. आपला छापखाना, आपलं नाव. हे अंक आपण पदरमोड करून का काढतो, असं विचारणाऱ्यांनी हँडीचं उदाहरण पाठ करावं. पण याच हँडीनं लिहून ठेवलंय, की मिसिसिपीत टटवाइलरच्या स्टेशनावर फाटक्या कपड्यांचा एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी फिरवत गात होता, आणि असलं संगीत आपण आधी ऐकलं नव्हतं. त्या माणसाचं नाव? कुणाला माहीत नाही. ब्लूजचा बाप म्हणून पुतळा हँडीचा आहे.

आपल्याकडंही तेच. हिंदी शिनेमाला वाद्यवृंद बांधून देणाऱ्या गोवेकरांची नावं कितीदा पडद्यावर आलीच नाहीत. १९७७ च्या शिनेमामुळं अँथनी गोन्साल्विस हे नाव पोराटोरांना पाठ आहे; पण तो माजोर्ड्याचा खराखुरा व्हायोलिनवाला होता, प्यारेलालचा गुरू होता, हे किती जणांना ठाऊक?

कुणी म्हणेल, नाव राहू दे, यातनं लढा कुठं येतो? येतो. अमेरिकेत काळ्यांना झाडाला लटकावून मारायचे. तसल्या फोटोवरनं एबल मीरोपोल नावाच्या शाळामास्तरनं 'स्ट्रेंज फ्रूट' लिहिलं. बिली हॉलिडे ते १९३९ साली क्लबात गायला लागली. तिच्या मोठ्या कंपनीनं रेकॉर्ड काढायला नकार दिला. कमोडोर या छोट्या कंपनीनं काढली. आर्मस्ट्राँगला लोक हसरा भाट म्हणायचे. पण १९५७ साली लिट्ल रॉकच्या शाळेत काळ्या पोरांना आडवलं, तेव्हा सरकारच्या खर्चानं रशियाला जायला त्यानं साफ नकार दिला. आणि आपल्याकडं ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसं पडली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. गाणारा माणूस किती आतनं ऐकतो, याचा याहून दुसरा पुरावा मला माहीत नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले. हार्लेम त्यांच्या विद्यापीठाच्या शेजारी. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी युनोकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली, दोन्हीकडची अवस्था सारखी आहे म्हणून. १९७२ च्या पँथरनं नाव तिकडनंच घेतलं. तेव्हा तिकडचं ऐकणं म्हणजे इकडचं विसरणं नव्हे. ते आपल्या पूर्वजांचंच काम पुढं नेणं आहे.

आता हलगीच्या लाजेबद्दल. लाज नाही, मित्रा, राग आहे. हलगी जोखड होती तेव्हा टाकली ते योग्य. पण आता ती मोर्चात वाजते, आपल्या मर्जीनं वाजते, तर ती ट्रम्पेटसारखी शिकून, तासून वाजवली पाहिजे. सिद्धराम जाधवांच्या घराण्यानं सुंद्रीसारखं बोटभर वाद्य सोलापूरचं म्हणून उभं केलं, ते रियाजानं. जयंतीला डीजेच्या भिंती लागतात. त्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही, ते काम गावातले सभ्य लोक करतात. मी एवढंच विचारतो : वर्गणीतले पैसे डीजेच्या मालकाला जातात, तेव्हा आपल्या वस्तीतल्या सनईवाल्याला, हलगीवाल्याला, जुन्या बँडवाल्याला काय जातं? त्याला किती चाली येतात, कुणाकडनं आल्या, हे आपण कधी विचारलं?

म्हणून पुढच्या अंकात कविता कमी छापणार. चार पानं मोकळी ठेवलीत. आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या वाजवणाऱ्याकडं जा. त्याचं पूर्ण नाव, गाव, वाद्य, कुणाकडनं शिकला आणि त्याची स्वतःची एक तरी चाल, एवढं लिहून आणा. मोबाईलवर वाजवणंही धरून ठेवा. मी महिन्याच्या शेवटच्या रविवारी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सोलापूरला येतो, हातोहात द्या. नुसतं 'एक हलगीवाला' असं लिहून आणलेला कागद घेतला जाणार नाही. नाव पायजे.

जय भीम.